वन्यजीवरक्षणाचा लोकाधार : देवटेकची शिळा आणि मेळघाट

वन्यप्राण्यांचे रक्षण झाले पाहिजे, या मताला आज सुशिक्षित समाजात फारसा विरोध आढळत नाही. अमरावती किंवा अकोला शहरातील विद्यार्थ्याला विचारले, तर वाघ वाचला पाहिजे असेच तो सांगेल. परंतु हे मत समाजात कसे निर्माण झाले, ते कोणत्या कारणांवर उभे आहे आणि त्याची किंमत कोण चुकविते, या प्रश्नांचा विचार क्वचितच होतो. वऱ्हाडच्या उत्तर सीमेवर मेळघाटचे अरण्य आहे. १९७३-७४ मध्ये देशात प्रथम जे नऊ व्याघ्रप्रकल्प स्थापन झाले, त्यांत मेळघाटचा समावेश होता. प्राण्यांना अभय देणारी एक प्राचीन राजाज्ञाही विदर्भातच सापडलेली आहे. या दोन टोकांमधील काळाचा धावता आढावा घेऊन वरील प्रश्नांचा विचार करण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

राजाज्ञेचा मार्ग

चंद्रपूर जिल्ह्यात नागभीडच्या परिसरात देवटेक नावाचे गाव आहे. तेथील एका शिळेवर दोन वेगवेगळ्या काळांतील लेख कोरलेले आहेत. त्यांपैकी नंतरचा लेख वाकाटक नृपती पहिला रुद्रसेन याचा आहे. आधीचा लेख प्राकृत भाषेत व अशोककालीन ब्राह्मी लिपीत असून, प्राण्यांना पकडू नये व मारू नये, अशी आज्ञा त्यात आहे. आज्ञा मोडणाऱ्यास शिक्षेची तरतूद आहे आणि वर्ष १४ चा उल्लेख आहे. महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी या लेखाचा संबंध अशोकाच्या धर्ममहामात्राशी जोडला. राज्याभिषेकास तेरा वर्षे झाल्यावर आपण धर्ममहामात्र नेमले, असे अशोक पाचव्या शिलालेखात सांगतो. त्यामुळे हे मत सुसंगत वाटते. मात्र देवटेकच्या लेखात अशोकाचे नाव नाही, हेही ध्यानात ठेवले पाहिजे.

अशोकाचे धोरण त्याच्या अन्य लेखांवरून अधिक स्पष्ट होते. पहिल्या शिलालेखात राजाच्या पाकशाळेतील प्राणिहत्या दोन मोर व एक हरिण एवढ्यावर आल्याची आणि पुढे तीही थांबणार असल्याची नोंद आहे. दुसऱ्या शिलालेखात माणसांच्या व पशूंच्या अशा दोन्ही चिकित्सांची व्यवस्था सांगितली आहे. अभिषेकानंतर सव्वीस वर्षांनी कोरविलेल्या पाचव्या स्तंभलेखात अवध्य प्राण्यांची यादीच आहे. तीत पोपट, मैना, वटवाघूळ, कासव, साळिंदर, खार असे प्राणी आहेत. जे चतुष्पाद उपयोगाचे नाहीत व खाल्लेही जात नाहीत, त्या सर्वांनाही अभय दिले आहे. निष्कारण अथवा प्राणिहिंसेसाठी अरण्य जाळू नये, असा आदेशही त्याच लेखात आहे. ज्याचा माणसाला काही उपयोग नाही त्यालाही जगण्याचा अधिकार आहे, ही कल्पना राज्यशासनाच्या भाषेत इतक्या स्पष्टपणे मांडलेली त्यापूर्वी क्वचितच दिसते.

तथापि याच सम्राटाचा तेरावा शिलालेखही वाचला पाहिजे. कलिंगयुद्धाचा पश्चात्ताप व्यक्त करणारा हा लेख राज्यातील अटवीवासीयांना, म्हणजे अरण्यात राहणाऱ्या लोकांना, समज देतो. राजाला अनुताप झाला असला, तरी शासन करण्याचे सामर्थ्य त्याच्याजवळ आहे, तेव्हा त्यांनी आपले वर्तन सुधारावे, म्हणजे त्यांचा वध होणार नाही, असा त्याचा आशय आहे. अरण्यातील प्राण्याला अभय आणि अरण्यातील माणसाला ताकीद, असे हे चित्र आहे. ज्यांच्या परिसरात रक्षण करावयाचे, त्यांच्याशी राज्याचे नाते कसे असावे, हा प्रश्न तेव्हाही सुटलेला नव्हता.

लोकांच्या तक्रारीतून आलेला नियम

विनयपिटकात याहून वेगळा मार्ग दिसतो. महावग्गातील वस्सूपनायिका खंधकात वर्षावासाच्या नियमाची उत्पत्ती दिली आहे. पावसाळ्यातही भिक्खू चारिका करीत, हिरवे गवत तुडवीत, लहानसहान जीव त्यांच्या पायांखाली येत, म्हणून लोक कुरकुर करू लागले. ती भगवंतांच्या कानी गेली, तेव्हा त्यांनी वर्षावासाची अनुज्ञा दिली. या प्रसंगात जीवरक्षणाची मागणी सामान्य लोकांकडून आली आणि तिचे बंधन संघाने स्वतःवर घातले. नियम करणारा आणि नियमाचा भार वाहणारा येथे एकच आहे. देवटेकच्या आज्ञेत मात्र आज्ञा देणारा एक आणि पाळणारा दुसरा होता. पुढील इतिहास वाचताना हा भेद उपयोगी पडतो.

महसूल, शिकार आणि राष्ट्राभिमान

१८५३ च्या तहाने वऱ्हाडचा कारभार इंग्रजांकडे गेला. १८६७ पर्यंत रेल्वे वऱ्हाड ओलांडून नागपूरला पोहोचली आणि सागवानाला मोल आले. त्याच दशकात मेळघाटातील वने राखीव करण्यास प्रारंभ झाला. कोरकूंच्या फिरत्या शेतीवर निर्बंध आले. येथे वनरक्षणाचे कारण करुणा नव्हते. लाकूड व त्यापासून मिळणारा महसूल हे त्याचे कारण होते. म्हणूनच झाड राखणारे सरकार वाघ मारणाऱ्यास बक्षीस देत होते आणि साहेबलोकांच्या शिकारीसाठी रानांची व्यवस्थाही ठेवीत होते.

स्वातंत्र्यानंतर शिकारीचे वेड काही काळ कायम राहिले. वाघांची संख्या घटत असल्याची जाणीव झाल्यावर १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आला आणि १९७३ मध्ये व्याघ्रप्रकल्प सुरू झाला. वाघ राष्ट्रीय प्राणी ठरला. शहरी मध्यमवर्गाचा पाठिंबा येथून वाढत गेला. त्यात राष्ट्राभिमान होता, तसेच ज्ञानाची ओढही होती. १८८४ नंतर कोणालाच निश्चितपणे न दिसलेला रानपिंगळा १९९७ मध्ये शहाद्याजवळ पुन्हा आढळला आणि पुढे मेळघाटातही त्याची वस्ती असल्याचे सिद्ध झाले. वऱ्हाडातील पक्षिमित्रांना ही स्वतःच्या घरची घटना वाटली, ती या ओढीमुळेच.

पाण्याचे नाते

अकोला व अमरावतीच्या मैदानी भागातील शेतकऱ्याला अरण्याशी बांधणारे सर्वांत बळकट कारण पाणी हे आहे. पूर्णा नदीच्या दोन्ही बाजूंस खारपाणपट्टा आहे. तेथील विहिरीचे पाणी पिण्यास योग्य नसते, पिकालाही मानवत नाही. या पट्ट्यातील अनेक गावांना गोड पाणी मिळते ते सातपुड्यातून उतरणाऱ्या वान व शहानूर या नद्यांवरील धरणांतून. अकोला शहराची तहान भागविणाऱ्या काटेपूर्णा जलाशयाभोवतीही अभयारण्य आहे. डोंगरावरचे रान उजाड झाले, तर धरणात पाण्याऐवजी गाळ येईल, हे सांगण्यास मोठे शास्त्र लागत नाही.

अकोला-खंडवा मीटरमापी लोहमार्गाच्या रुंदीकरणाचा वाद या दृष्टीने अभ्यासण्यासारखा आहे. जुना मार्ग व्याघ्रप्रकल्पातून जात होता. तो टाळून बाहेरून मार्ग न्यावा, अशी मागणी वन्यजीवप्रेमींनी केली आणि २०२१ मध्ये तत्कालीन मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांनी रेल्वे मंत्रालयास तसे पत्रही लिहिले. बाहेरच्या मार्गामुळे बुलढाणा जिल्ह्यातील गावांनाही रेल्वे मिळेल, हा मुद्दा त्या मागणीच्या पाठीशी होता. वाघाचे हित आणि गावांचे हित एकाच बाजूला आले, म्हणून मागणीचे बळ वाढले. असा हेतू संमिश्र असला, तरी तो हीन ठरत नाही. बहुतेक चांगली सामाजिक कामे संमिश्र हेतूंवरच चालतात.

किंमत कोणी दिली?

वरील सर्व कारणांत एक समान गोष्ट आहे. शहरी अभ्यासक, पर्यटक, मैदानातील शेतकरी या सर्वांना रक्षणाचा लाभ होतो आणि त्यासाठी त्यांना फारसे काही सोडावे लागत नाही. सोडावे लागले ते कोरकूंना. कोरकू भाषेत वाघाला ‘कुला’ म्हणतात आणि लोक त्याला ‘कुलामामा’ म्हणून नात्यात घेतात. १९९३ मध्ये याच मेळघाटातील कुपोषणाच्या बालमृत्यूंनी राज्य हादरले. तेव्हा व्याघ्रप्रकल्प स्थापन होऊन जवळजवळ वीस वर्षे झाली होती. वाघासाठी राखलेल्या रानात लेकरे भुकेने मरत होती, ही विसंगती अनेकांना तेव्हा प्रथमच जाणवली.

या शतकाच्या आरंभी बोरी, कोहा व कुंड ही गावे प्रकल्पाच्या गाभ्यातून अकोट तालुक्यात हलविण्यात आली. पुढे प्रत्येक कुटुंबास दहा लाख रुपयांचे साहाय्य देण्याची योजना आल्यावर आणखी गावे उठली. २०१९ च्या जानेवारीत पुनर्वसित कुटुंबांपैकी काही लोक, नव्या ठिकाणी जमीन व सोयी मिळाल्या नाहीत अशी तक्रार करीत, आपल्या जुन्या गावठाणी परतले. तेथे त्यांचा वनकर्मचारी व पोलीस यांच्याशी संघर्ष झाला आणि दोन्ही बाजूंचे लोक जखमी झाले. पुनर्वसन स्वेच्छेचे असले पाहिजे असे कायदा सांगतो. परंतु दवाखाना, शाळा, रस्ता यांची वानवा असलेल्या गावाने दिलेली संमती कितपत स्वेच्छेची मानावी, याचा विचार झाला पाहिजे.

याच्या उलट उदाहरणही जिल्ह्यातच आहे. अचलपूर तालुक्यातील पायविहीर या गावाला २००६ च्या वनहक्क कायद्यानुसार २०१२ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला. ग्रामसभेने उजाड टेकड्यांवर माती-पाण्याची कामे केली, झाडे लावली आणि सीताफळांची विक्री स्वतःच्या हाती घेतली. २०१४ मध्ये संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रमाच्या सहभागाने दिल्या जाणाऱ्या जैवविविधता पुरस्काराने त्या कामाची दखल घेतली. अकोला जिल्ह्यातील वडाळा येथील फासेपारध्यांनी गवताळ माळ राखण्याचे काम हाती घेतले, तेही याच जातीचे आहे. ज्या समाजाला शिकारी म्हणून हिणविले गेले, त्याच्याजवळ तणमोराचे व तित्तिराचे ज्ञान सर्वांत अधिक होते. ते ज्ञान रक्षणाच्या कामी आले.

व्याघ्रजातकाचा बोध

व्याघ्रजातकात एक कथा आहे. एका अरण्यात सिंह व वाघ राहत. त्यांनी मारलेल्या प्राण्यांच्या दुर्गंधीला कंटाळून एका वृक्षदेवतेने, दुसऱ्या शहाण्या देवतेचे न ऐकता, त्या दोघांना हाकलून दिले. वाघाची भीती उरली नाही, तेव्हा माणसे आली आणि त्यांनी अरण्य तोडून शेत केले. देवतेने वाघांची विनवणी केली, पण ते परतले नाहीत. वाघामुळे रान टिकते, हा या कथेचा एक अर्थ सर्वपरिचित आहे. दुसरा अर्थही घेता येतो. ज्याचा सहवास गैरसोयीचा वाटला त्याला घालवून देण्याचा निर्णय त्या देवतेने एकटीने घेतला आणि त्याचे फळ साऱ्या अरण्याला भोगावे लागले. मेळघाटच्या बाबतीत कोरकूंना हा दुसरा अर्थ अधिक लागू पडेल. वणवा विझविणारे हात, पायवाटा जाणणारे डोळे आणि वाघाला मामा म्हणणारी भाषा रानाबाहेर गेली, तर तिची जागा केवळ पगारी पहाऱ्याने भरून निघेल असे समजणे धाडसाचे होईल.

समारोप

लोक वन्यजीवरक्षणाला पाठिंबा का देतात, या प्रश्नाला एकच उत्तर नाही. करुणा, दंडाचे भय, महसूल, अभिमान, जिज्ञासा आणि पाणी ही सर्व कारणे इतिहासात आलटून पालटून पुढे आलेली दिसतात. त्यांपैकी कोणते कारण टिकते, हे बहुधा भार वाहणाऱ्याचा निर्णयात किती वाटा आहे यावर ठरते. भिक्खूसंघाने स्वतःवर घातलेला वर्षावासाचा नियम आजही पाळला जातो. देवटेकच्या आज्ञेचे काय झाले, हे सांगता येत नाही. लेखातील चिकंबरी हे गाव म्हणजे जवळचे चिकमारा, असे मिराशींनी दाखविले आहे. प्राण्यांना अभय देणाऱ्या राजाचे वचन त्या शिळेवर आहे. चिकंबरीच्या लोकांचे त्यावर काय म्हणणे होते, त्याला मात्र शिळेवर जागा मिळालेली नाही. मेळघाटच्या बाबतीत तरी ते म्हणणे नोंदले जावे, आणि ते कोरकूंच्या स्वतःच्या तोंडून नोंदले जावे.