खाडीवरचा पूल आणि संगणकाची मर्यादा

मागच्या व्याख्यानात आपण संगणकाची रचना पाहिली, आज तिची मर्यादा पाहू. वसई-विरारकरांना ती समजायला वेळ लागणार नाही. आपली घरं खाडीच्या अलीकडे, कचेरी चर्चगेटला. कचेरीत काम कितीही झपाट्याने होत असो, माणसं पूल ओलांडून पोचेपर्यंत तिथल्या खुर्च्या रिकाम्याच.

१९४५ साली जॉन फॉन नॉयमन यांनी एडव्हॅक यंत्राचा आराखडा लिहिला, त्यात मांडणी अशीच होती. आज्ञा आणि माहिती एकाच स्मृतीत, आकडेमोड मात्र दुसरीकडे. फायदा मोठा होता: नवं काम द्यायचं तर तारांची जोडणी बदलायला नको, नव्या आज्ञा भरल्या की झालं. कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० साली सुरू झालेला टिफ्रॅक याच वाटेचा. त्याच्या स्मृतीत ४० बिटांचे फक्त २०४८ शब्द मावत. त्या काळी प्रोसेसर आणि स्मृती यांच्या वेगात फार अंतर नव्हतं, म्हणून पुलावरची रांग जाणवत नसे.

पुढे प्रोसेसर धावू लागले, स्मृती मागे पडली. १९७७ साली ट्युरिंग पुरस्काराच्या व्याख्यानात जॉन बॅकस यांनी या अडचणीला 'फॉन नॉयमन बॉटलनेक' म्हटलं. त्यावर तोडगा कॅशचा. म्हणजे काय, तर रोज लागणाऱ्या माणसांना दादरलाच खोली घेऊन द्यायची. पण त्या खोलीत माणसं मावणार किती?

दुसरी वाट पुण्याने धरली. हवा होता तसा क्रे महासंगणक अमेरिकेने भारताला मिळू दिला नाही. मग १९८८ साली सी-डॅक स्थापन झाली आणि विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ साली 'परम ८०००' तयार झाला. एकच बलाढ्य प्रोसेसर घेण्याऐवजी त्यात अनेक ट्रान्सप्युटर जोडले होते. प्रत्येकाची स्मृती त्याच्यापाशी, आणि शेजाऱ्यांशी बोलायला चार दुवे. अशी समांतर यंत्रं परदेशातही होती. आपल्याकडे मात्र ती गरजेतून आली. २००४ च्या सुमारास वेग वाढवताना चिपा फार तापू लागल्या, तेव्हा घरगुती संगणक बनवणारेही एका चिपेवर अनेक गाभे बसवण्याकडे वळले.

पण यालाही हद्द आहेच. जीन अॅमडाल यांनी १९६७ सालीच ती दाखवली होती. कामाचा दहावा भाग एकामागोमाग एकच करावा लागत असेल, तर कितीही प्रोसेसर लावा, वेग दहापटीपुढे जात नाही. शिवाय विजेचा हिशेब वेगळाच. दूरच्या स्मृतीतून एक आकडा आणायला तो मिळवण्याच्या शेकडो पट ऊर्जा लागते. आजच्या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या यंत्रांना तर असे आकडे अब्जावधींनी आणावे लागतात.

म्हणून आता स्मृतीतच आकडेमोड करण्याचे प्रयत्न चालू आहेत. आपल्या भाषेत सांगायचं तर, कचेरीच वसईला आणायची. ते कसं, हे पुढच्या व्याख्यानात पाहू.