अर्नाळ्याची रेघ

जव्हार-मोखाड्याच्या डोंगरात राहून मी अर्नाळा बेटाचा जुना नकाशा का अभ्यासतो? कारण वैतरणा. त्र्यंबकच्या डोंगरात उगम पावून ती मोखाड्याच्या दक्षिण अंगाने वाहते, पिंजाळ पोटात घेते आणि अर्नाळ्यापाशी समुद्राला मिळते. सर्व्हे ऑफ इंडियाच्या मांडणीत मात्र जव्हार, मोखाडा ‘४७ ई’त आणि अर्नाळा ‘४७ ए’त, ७३ रेखांशावर नदीचे दोन तुकडे होतात.

पोर्तुगीज या बेटाला ‘गाईंचे बेट’ म्हणत. १७३७ साली मराठ्यांनी ते घेतले आणि बाजीरावाच्या अमदानीत तिथे किल्ला बांधला. आत त्र्यंबकेश्वराचे देऊळ आहे. उगमाकडचे नाव मुखाशी भेटावे, ही गंमतच. पण हे नाव नदीमुळे पडले असे मी म्हणणार नाही. पेशव्यांच्या घरात त्र्यंबकेश्वराची भक्ती होतीच.

तटाबाहेर वाळूवर कोळ्यांची वस्ती आहे आणि समुद्र तिचा किनारा खातो आहे. घरे गेली आहेत. तट जागचा हलत नाही, तेव्हा जुन्या नकाशावर तटापासून किनाऱ्यापर्यंतचे अंतर मोजले की किती जमीन गेली ते कळेल, असे कुणालाही वाटेल. पण इंग्रजी अमदानीतला नकाशा एक इंचाला एक मैल, म्हणजे १ : ६३,३६०. त्यावरचा एक मिलिमीटर म्हणजे जमिनीवरचे ६३ मीटर. किनाऱ्याची रेघ पाव मिलिमीटर जाड धरली, तरी तिच्याखाली सोळा मीटर झाकले जातात. घरांची अख्खी ओळ त्यात मावते! शिवाय पावसाळ्यात वाहून गेलेली वाळू पुढे थोडीफार परतते; मोजणीदार कोणत्या महिन्यात आला, यावरही रेघ बदलते. म्हणून या नकाशावर बोट ठेवून ‘समुद्र इतका आत आला’ असे सांगणे मला पटत नाही. ‘फारसे काही गेले नाही’ हेही त्यावरून कुणी सांगू नये.

कारणे शोधायला मात्र दोन्ही नकाशे शेजारी मांडावेच लागतात. मुंबईच्या पाण्यासाठी १९५७ मध्ये मोडकसागर झाला, २०१४ मध्ये मध्य वैतरणा. मोखाड्याच्या पाड्यांवरचे उन्हाळ्यातले हंडे काही थांबले नाहीत, तो वेगळा लेख. धरण पाण्याबरोबर गाळ-वाळूही अडवते. खाली खाडीत वाळूचा उपसा होतो. यांतल्या कशाचा वाटा किती, हे नकाशा सांगत नाही. त्यासाठी किल्ल्याच्या बुरुजांपासून दरवर्षी दोनदा टेप लावावी लागेल, पावसाळ्याआधी आणि नंतर.