यंत्राचे निदान, माणसाची नोंद

अपरात्री पोट धरून कण्हत रुग्णालयात आलेला रोगी डॉक्टरांची मोठी परीक्षा पाहतो. अपेंडिक्स सुजले असून शस्त्रक्रियेस उशीर झाला, तर ते फुटते. सुजले नसता पोट उघडले, तर निष्कारण जखम होते. अशा पेचात पूर्वीच्या शेकडो रोग्यांचा अनुभव एखाद्या यंत्रास विचारता आला तर? हा विचार इंग्लंडातील लीड्स येथे प्रत्यक्षात आला. त्याची हकीकत आम्ही श्रोत्यांपुढे ठेवीत आहोत.

मूळ कल्पना जुनीच. थॉमस बेज या इंग्रज धर्मोपदेशकाचा संभाव्यतेवरील निबंध त्याच्या मृत्यूनंतर, 1763 साली, प्रसिद्ध झाला. निदानाचे काम या गणिताने करता येईल, असे लेडली व लस्टेड या अमेरिकन संशोधकांनी 1959 साली मांडले. रीत सोपी आहे. कोणता रोग किती जणांस होतो आणि त्या रोगात कोणते लक्षण कितीदा दिसते, हे जुन्या नोंदींवरून काढावयाचे. मग समोरच्या रोग्याची लक्षणे घेऊन कोणत्या रोगाचे पारडे जड होते ते पाहावयाचे.

लीड्सचे शल्यचिकित्सक डी डॉम्बल व त्यांचे सहकारी यांनी हेच केले. 1972 साली त्यांनी 304 रोग्यांचा निष्कर्ष प्रसिद्ध केला. संगणकाचे निदान 91.8 टक्के बरोबर ठरले. सर्वांत अनुभवी डॉक्टरांचे 79.6 टक्के. मग डॉक्टर हरले काय? असे म्हणण्याची घाई आम्ही करणार नाही.

याच मंडळींनी आणखी एक प्रयोग केला. खऱ्या नोंदींऐवजी डॉक्टरांनी अंदाजाने सांगितलेले लक्षणांचे प्रमाण संगणकास पुरविले. यंत्र तेच, गणितही तेच. पण निदान घसरले! म्हणजे बळ यंत्रात नव्हते, प्रामाणिकपणे लिहून ठेवलेल्या कागदात होते. माणसाची स्मृती ठळक प्रसंग जपते आणि साधे प्रसंग विसरते. वही दोन्ही सारखीच जपते.

पुढे आठ रुग्णालयांत 16,737 रोग्यांवर झालेल्या पाहणीचा वृत्तान्त 1986 साली आला. त्यात डॉक्टरांचे पहिले निदान बरोबर येण्याचे प्रमाण 45.6 वरून 65.3 टक्क्यांवर गेले. ठरावीक तक्त्यात प्रत्येक लक्षण विचारून लिहावे लागे आणि आपले कोठे चुकले हे डॉक्टरांस नंतर कळे. या शिस्तीचाही त्यात मोठा वाटा होता. उलट, लीड्स येथील पहिला प्रयोग संपताच तेथील सुधारलेले आकडे पुन्हा जुन्या वळणावर जाऊ लागले होते. शिस्त सुटली की शहाणपणही सुटते, हा अनुभव आपणा कोणास नवा आहे?

मात्र नोंद खरी असली तरी तिचा अर्थ लावावा लागतो. 1990 नंतरच्या दशकात अमेरिकेत न्यूमोनियाच्या रोग्यांच्या नोंदींवरून यंत्रास शिकविले, तेव्हा ते असे शिकले की, दमा असलेल्यास मृत्यूचा धोका कमी! नोंद खोटी नव्हती. दमेकऱ्यांस थेट अतिदक्षता विभागात नेत, म्हणून ते अधिक वाचत. यंत्रास परिणाम दिसला, त्यामागची शुश्रूषा दिसली नाही. त्याचे ऐकून दमेकऱ्यास घरी धाडले असते, तर त्याच्या जिवावर बेतले असते. संशोधकांनी ही चूक ओळखली आणि सर्वांत अचूक ठरलेली, पण आतून न उलगडणारी पद्धत बाजूस ठेवून समजेल अशी पद्धत पसंत केली.

पुढच्यास ठेच, मागचा शहाणा, असे आपण म्हणतो. परंतु ठेच कोठे लागली हे पुढच्याने खरे सांगितले पाहिजे आणि ती का लागली हे मागच्याने विचारले पाहिजे. आज संगणक या इतिहासाच्या कितीतरी पुढे गेले आहेत. ही दोन कामे मात्र अजून माणसाकडेच आहेत, आणि ती त्याने सोडू नयेत, एवढेच आमचे सांगणे आहे.