पडीक शेते आणि मुरणारे पाणी : नार्नूरचा डोंगराळ भाग

तेलंगणातील आदिलाबाद जिल्ह्यातल्या नार्नूर परिसरातील जमीन दख्खनच्या बेसॉल्ट खडकापासून बनलेली आहे. पठारावर आणि उतारावर ती हलकी, सखल भागात खोल काळी. हलक्या जमिनीत पाऊस किती मुरेल, हे बरेचसे तिच्यावरच्या झाडोऱ्यावर ठरते. गवत आणि पालापाचोळा थेंबांचा मार झेलतात. कुजलेल्या मुळांच्या पोकळ्यांतून आणि वाळवीच्या बिळांतून पाणी खाली उतरते. उघड्या जमिनीवर मात्र थेंबांनी उडालेली बारीक माती छिद्रे बुजवते, वर पापडी धरते आणि पाणी उताराने ओढ्याकडे धावते. काळी जमीन वेगळी वागते: उन्हाळी भेगा पहिला पाऊस भराभर पितात, मग माती फुगून मुरण फार मंदावते.

राजगोंड शेतकरी हलकी शेते काही वर्षे पिकवून पडीक टाकत. त्यांवर गवत-झुडपे वाढत आणि मातीची घडण सावरे. निजामी राजवटीत राखीव जंगलाच्या हद्दी आखताना अशी पडीक शेतेही जंगलात धरली गेली. हा उघड अन्यायच होता. मानवशास्त्रज्ञ क्रिस्टोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ यांनी १९४० च्या दशकात त्याची नोंद केली. १९४० साली जोडेघाट येथे मारले गेलेले गोंड नेते कुमराम भीम जमीन आणि जंगलाच्या याच हक्कांसाठी लढत होते.

शेत बदलण्याची मोकळीक संपल्यावर जमिनीचा विसावाही आटला. पुढे कापूस पसरला. त्याची रोपे लहान असताना, पावसाळ्याच्या सुरुवातीच्या जोरदार सरींत, ओळींमधली माती उघडीच राहते.