‘आमेन’ आधी कचेरीत होतं

‘आमेन’चं कूळ शोधायला लोक देवळाकडे वळतात. मला ते एका शेतमजुराच्या तक्रारअर्जात सापडलं.

इस्राएलच्या किनाऱ्यावर यावने-यामच्या दक्षिणेला मेसाद हशव्याहू नावाची पडकी गढी आहे. 1960 साली योसेफ नावे यांनी तिथं उत्खनन केलं, तेव्हा दरवाजालगतच्या पहाऱ्याच्या खोलीत शाईनं लिहिलेलं एक खापर निघालं. काळ इसवी सनापूर्वीच्या सातव्या शतकाची अखेर. कापणीवरचा एक मजूर गढीच्या अंमलदाराकडे दाद मागतोय. नेमून दिलेलं धान्य कापलं, मोजून भरलं, तरी शोबायचा मुलगा होशयाहू आला आणि माझं वस्त्र घेऊन गेला. माझ्याबरोबर उन्हात राबणारे भाऊबंद माझ्यासाठी जबानी देतील. यापुढे तीन अक्षरं आहेत: आलेफ, मेम, नून. आमेन. आणि मग, माझा काही दोष नाही.

घोळ आहे तो इथेच. खापरावर विरामचिन्हं नाहीत. ‘आमेन’ मागच्या वाक्याला जोडलं तर भाऊबंद ‘आमेन’ म्हणून साक्ष देणार. पुढच्याला जोडलं तर मजूर स्वतःच ‘खरंच सांगतो, मी निर्दोष आहे’ म्हणतोय. जाणकारांत दोन्ही वाचनं चालतात. मी बेधडक पहिल्याच्या बाजूचा, आणि त्याला कारण आहे ते क्रियापद. ‘जबानी देतील’ या जागी मजुरानं जे क्रियापद वापरलंय त्याचा धातू ‘आना’. याचा अर्थ उत्तर देणं, आणि साक्ष देणंही. दहा आज्ञांत शेजाऱ्याविरुद्ध खोटी साक्ष देऊ नको म्हणताना हाच धातू येतो. आणि आजही सिनेगॉगमध्ये आशीर्वचनानंतर लोक जे करतात त्याला हिब्रूत सहसा ‘आमेन म्हणणं’ म्हणत नाहीत. ‘ओनीम आमेन’ म्हणतात, म्हणजे आमेननं उत्तर देणं. तोच धातू. माझं सगळं म्हणणं या एका खुंटीवर टांगलेलं आहे: आमेन हा भक्ताचा उद्गार नव्हे, साक्षीदाराचा शब्द आहे.

तोरा, म्हणजे ज्यूंचा मूळ धर्मग्रंथ, उघडून बघा. पाचही ग्रंथांत मिळून आमेन 14 वेळा येतं, आणि एकदाही आशीर्वादानंतर येत नाही. चौदाही वेळा शापानंतर! गणनेच्या ग्रंथात नवऱ्याला जिचा संशय आलाय ती बाई याजकापुढे उभी असते. याजक शाप लिहितो, ती शाई कडू पाण्यात धुतो, ते पाणी तिला प्यायचं असतं. त्याआधी तिनं ‘आमेन, आमेन’ म्हणायचं. हे झाले दोन. उरलेले बारा अनुवादाच्या ग्रंथात आहेत. शखेमजवळ गरिझीम आणि एबाल हे समोरासमोरचे दोन डोंगर. लेवी, म्हणजे देवसेवेला नेमलेल्या वंशाचे लोक, मोठ्यानं शाप उच्चारतात, एकेका शापाला सगळे लोक आमेननं उत्तर देतात. शाप कोणाला, तर शेजाऱ्याचा बांध कोरणाऱ्याला, आंधळ्याला वाट चुकवणाऱ्याला, विधवा-अनाथांचा न्याय फिरवणाऱ्याला. बहुतेक गोष्टी पंचनामा न होणाऱ्या. जिथं पुरावा मिळत नाही तिथं माणसाला त्याच्याच तोंडानं बांधून घ्यायचं.

पुढे यरुशलेमचा कारभार पाहणाऱ्या नहेम्याच्या काळातही तेच. सावकारांनी गरिबांची शेतं आणि मुलं गहाण घेतलेली. तो त्यांना परत करण्याची शपथ घ्यायला लावतो, अंगरख्याचा घोळ झटकतो, वचन मोडेल तो असाच झटकला जावो म्हणतो, आणि सभा म्हणते आमेन.

मग हा शापांचा गडी आशीर्वादाच्या पंगतीत कसा बसला? माझ्या मते सांधा सापडतो मिश्नेत, म्हणजे रब्बींच्या नियमसंग्रहात, ‘सोता’ प्रकरणात. रब्बी त्या डोंगरांचा प्रसंग पुन्हा सांगतात, पण लेवींना आधी गरिझीमकडे तोंड करून प्रत्येक शाप उलटा म्हणायला लावतात: मूर्ती न करणारा धन्य. त्यालाही लोक आमेन म्हणतात. मूळ ग्रंथात हे उलटं वाक्य नाहीच. शपथेचं वजन असलेला शब्द इथं आशीर्वादापुढे येतो. ग्रीक भाषांतरकारांनी मात्र त्याआधीच बहुतेक ठिकाणी त्याचं ‘असं घडो’ करून टाकलं होतं. इच्छा उरली, जबाबदारी गेली. ख्रिस्ती प्रार्थनेच्या शेवटी आणि मुसलमानांच्या फातिहानंतर हा शब्द कसा पोचला, ते सर्वांना ठाऊक आहे.

मिश्नेवरच्या चर्चांचा ग्रंथ म्हणजे तालमूद. त्याला मूळ पक्कं आठवत होतं. ‘शवूओत’ म्हणजे शपथांवरचाच भाग. त्यात रब्बी योसे बर हनिना सांगतात, आमेनमध्ये शपथ आहे, स्वीकार आहे, दुजोरा आहे. ‘बराखोत’मध्ये तर रब्बी योसे उत्तर देणाऱ्याला आशीर्वचन म्हणणाऱ्यापेक्षा मोठा ठरवतात. रब्बी नहोराय पुस्ती जोडतात: लढाईला आधी साधे शिपाई भिडतात, विजय मात्र मागून येणारे वीर मिळवतात. आमेनमध्ये एवढी ताकद का, याचं कबालावाल्यांचं, म्हणजे ज्यू गूढवाद्यांचं, उत्तर वेगळं. अक्षरांची किंमत मोजली तर आमेन होतं 91. देवाचं लिहिलं जाणारं चार अक्षरी नाव 26, त्याच्याजागी उच्चारलं जाणारं ‘अदोनाय’ 65, बेरीज 91. लिहिलेलं आणि उच्चारलेलं नाव एका शब्दात भेटतात, म्हणून ही ताकद. हिशेब सुरेख आहे, पण असा हिशेब शब्द रुळल्यावरच मांडता येतो. त्यातून कूळ कळत नाही.

नियम बघितले की माझी बाजू वजनदार होते. काय म्हटलं गेलं ते ऐकलंच नाही आणि आमेन ठोकून दिलं, तर ते ‘अनाथ आमेन’. बेन अझाय बजावतात की असं म्हणणाऱ्याची मुलं अनाथ होतील. घाईनं हिसकावलेलं आमेन नको, शेपूट तोडलेलंही नको. आणि स्वतःच्या आशीर्वचनाला स्वतःच आमेन म्हणणं हे, जेवणानंतरच्या प्रार्थनेतली यरुशलेमची जागा सोडली तर, निंद्य! नुसत्या स्तुतीला हे नियम कशाला? मजकूर न वाचता कोऱ्या कागदावर सही करू नये, आपल्याच खटल्यात आपणच साक्षीदार होऊ नये, ही कचेरीची शिस्त आहे.

आता मला अडचणीत आणणारी गोष्ट. तालमूदच सांगतो की अलेक्झांड्रियाचं सिनेगॉग इतकं अवाढव्य होतं की मधल्या लाकडी चौथऱ्यावर उभा सेवक रुमाल फडकवी, आणि तो बघून लोक आमेन म्हणत. सोनार, चांदीकाम करणारे, लोहार, विणकर आपापल्या जागी बसलेले; शब्द कानावर येत नाहीत. मग ही सगळी अनाथ आमेनं नाहीत का? भाष्यकारांनी तोड काढली: ऐकू येत नसलं तरी कुठलं आशीर्वचन चाललंय हे त्यांना ठाऊक असे. मला ती पटते. साक्षीला कान नसले तरी चालतील, माहिती हवी.

आपल्याकडे आमेन म्हणजे ओम्, असं ठासून सांगणारे बरेच आहेत. योगानंदांनी या समजुतीला जगभर पोचवलं. पण आमेनमधला ‘न’ धातूचाच आहे. ‘एमुना’ म्हणजे श्रद्धा, ‘नेएमान’ म्हणजे विश्वासू, ‘ओमेन’ म्हणजे मूल सांभाळणारा, ही सगळी त्याच घरची भावंडं, आणि ती ओम्‌शी कुठेच जुळत नाहीत. इजिप्तच्या आमून देवाचंही तेच: त्याच्या नावाचा अर्थ गुप्त, तर हिब्रू धातूचा अर्थ पक्कं. शिवाय हिब्रू ग्रंथात तो देव ‘आमोन’ म्हणून वेगळ्या स्वरानं आलाय.

खरा धागा हवा असेल तर अलिबागकडे जावं. कोकणातले बेने इस्राएल, म्हणजे आपले शनिवार तेली, एलियाहू हनाबी, म्हणजे एलिया संदेष्टा, याच्या नावानं मलिदा करतात: गोड पोहे, ओलं खोबरं, सुका मेवा, भोवती फळं. ताटातल्या फळांवर हिब्रू आशीर्वचनं होतात, जमलेले आमेन म्हणतात, मग ताट फिरतं. लग्नात, नव्या घरात हा विधी होतोच, पण नवस फेडतानाही होतो, आणि मला रस आहे तो यात. बोललेला शब्द पुरा झाला, हे चारचौघांदेखत पक्कं करायचं असतं. अलिबागजवळ खंडाळ्याला खडकावर ‘एलियाहू हनाबीचा टापा’ दाखवतात. तिथंही लोक नवसाला जातात. हिब्रू आशीर्वचनांचं रीतसर शिक्षण या समाजाला बऱ्याच उशिरा, बाहेरच्या शिक्षकांकडून मिळालं, त्यामुळे त्यांचं आमेन थेट एबाल डोंगरावरून आलं असं काही मी म्हणणार नाही. पण नवसाच्या ताटापुढे ते इतकं चपखल बसलं, ते मूळच्या स्वभावामुळेच, असा माझा अंदाज आहे. अलिबागच्या कुणी जाणत्यानं तो खोडून काढला तर वाद घालायला मी तयार आहे.