केरूनानांचा तारा

खिशातला मोबाइल बाहेरच ठेवा. साल 1841, जागा कुलाब्याची वेधशाळा. आत टांगलेला लोहचुंबक इतका हळवा आहे की मोबाइलमधल्या इवल्याशा चुंबकानेही आज रात्रीची नोंद बिघडेल. मुंबईहून इथवर तुम्ही आलात तो रस्ता तीनच वर्षांपूर्वी झाला. त्याआधी भरती-ओहोटी बघून निघावं लागे. दिव्याशी सोळा-सतरा वर्षांचा एक पोरगा आकडा वाचतो, उतरवून घेतो, घड्याळाकडे बघतो. तासाभराने पुन्हा तेच. हा केरो लक्ष्मण छत्रे, अलिबागेजवळच्या नागावचा.

एल्फिन्स्टनमध्ये तो ऑर्लिबार साहेबांकडे आणि बाळशास्त्री जांभेकरांकडे शिकला. बाळशास्त्रींना तुम्ही ‘दर्पण’कार म्हणून ओळखता, 6 जानेवारीला त्यांच्या तसबिरीला हारही घालता. पण ते हाडाचे मास्तर. कलनशास्त्रासारखा विषय मराठीत आणणारे. 1846 मध्ये, पस्तिशीच्या आतच, ते गेले.

आता तीस वर्षं ओलांडा आणि पुण्यात या. येरवड्याजवळचं डेक्कन कॉलेज, दगडी इमारत, खिडकीबाहेर झाडी. मागच्या बाकावर बसा, म्हणजे फारसं कुणाचं लक्ष जाणार नाही. इंग्रजी शिकवायला इथे कवी वर्ड्‌स्वर्थचा नातू आहे, पण तुम्ही गणिताच्या तासाला आला आहात. फळ्यापाशी उभे आहेत ते केरूनाना, आता पन्नाशीचे. समोरच्या मुलांत बळवंत गंगाधर टिळक नावाचा एक फटकळ मुलगा आहे. मित्र त्याला ‘ब्लंट’ म्हणतात.

फळ्यावर आज नुसतं गणित आहे. नानांचं खरं भांडण मात्र पंचांगाशी. जोशीबुवा अजून 1520 सालच्या ‘ग्रहलाघवा’वरून ग्रह मांडतात आणि आकाशात ग्रह दुसरीकडेच असतो. नानांनी 1860 मध्ये ‘ग्रहसाधनाची कोष्टके’ मराठीत काढली आणि 1865 पासून आबासाहेब पटवर्धनांच्या पाठबळावर नवं पंचांग सुरू केलं. राशिचक्राचा आरंभ कुठे धरायचा, या जुन्या वादात त्यांनी रेवती नक्षत्रातला एक तारा पक्का केला. तारा कसला, नुसत्या डोळ्यांना जेमतेम दिसणारा ठिपका!

टिळकांनी पुढे काय केलं ते शाळेत पाठ केलंत, म्हणून केसरी, खटले, मंडाले हे सगळं ओलांडून जाऊ. फक्त 1893 साली थांबा. ‘ओरायन’ छापून आलं आहे. वसंतसंपात मृगात होता त्या काळापर्यंत टिळक वेदांना मागे नेतात. हा काळ आजचे अनेक अभ्यासक मान्य करत नाहीत, आणि तुम्हीही करायलाच हवा असं नाही. पण ऋचेचा काळ ठरवायला थेट आकाशाला साक्षीला बोलावणं, ही खोड मला तरी गणिताच्या त्या वर्गातली वाटते. नानांना जाऊन तेव्हा नऊ वर्षं झाली होती.

पंचांगाच्या भांडणातही टिळक रेवतीच्याच बाजूचे. त्यांच्या नावाचं पंचांग आजही निघतं आणि त्यात राशिचक्राचा आरंभ केरूनानांच्याच ताऱ्यापासून धरतात. चित्रा ताऱ्यावरून हा आरंभ ठरवणाऱ्या, म्हणजे चित्रापक्षाच्या, पंचांगांशी त्याचं सुमारे चार अंशांनी जमत नाही. म्हणजे संक्रांत चारेक दिवस आधी येते आणि एखाद्या वर्षी अधिक महिनाच वेगळा पडतो. मग एकाच गावात दोन घरांतले गणपती महिन्याच्या अंतराने बसतात, आणि चाकरमान्यांची रजेवरून ओढाताण होते.

तेव्हा आता परत या, मोबाइल उचला, आणि पुढच्या अधिक मासाच्या वर्षी कोकणाचं तिकीट काढण्याआधी यजमानांना फोन करून विचारा: तुमच्याकडे पंचांग कोणतं?