मोटारसायकल शर्यतीत संगीत का ऐकले जात नाही? नियम, विज्ञान आणि कायदा

नवी दिल्ली : हेल्मेटमध्ये बसणारे ब्लूटूथ स्पीकर आणि बिनतारी इयरफोन स्वस्त झाल्यापासून दुचाकी चालवताना गाणी ऐकण्याची सवय देशभर पसरली आहे. धावपटू आणि जलतरणपटू संगीताच्या साथीने तयारी करतात, मग वेगाच्या या खेळात संगीत का चालू नये, असा प्रश्न सर्किटवर प्रथमच उतरणाऱ्या अनेक तरुणांना पडतो. या प्रश्नाच्या उत्तराचा संबंध शर्यतीच्या नियमांशी आहे, तसाच स्वाराच्या श्रवणशक्तीशी आणि सार्वजनिक रस्त्यावरील सुरक्षिततेशीही आहे.

शर्यतीतील संदेशवहन

फॉर्म्युला वन शर्यतीत चालक आणि त्याचा अभियंता रेडिओवरून सतत बोलत असतात. मोटारसायकलींच्या ग्रां प्री शर्यतींची परंपरा मात्र वेगळी आहे. धावत्या मोटारसायकलवरील स्वार आणि त्याचा संघ यांच्यात रेडिओ संभाषणाला तेथील नियमांनी मुभा दिलेली नाही. संघाचे कर्मचारी सरळ मार्गालगतच्या भिंतीवरून पिट बोर्ड दाखवतात. कितवे स्थान, किती फेऱ्या बाकी आणि पुढच्या-मागच्या स्वारापासून किती सेकंदांचे अंतर, एवढी माहिती त्या फलकावर असते. धोक्याची सूचना पिवळ्या झेंड्याने, तर शर्यत थांबवल्याची सूचना लाल झेंड्याने दिली जाते. अलीकडे दिव्यांचे फलक आणि मोटारसायकलवरील छोटा पडदा यांचीही त्यात भर पडली आहे.

डोळ्यांना दिलेला संदेशही या वेगात निसटू शकतो. २०१७ च्या मलेशियन ग्रां प्रीमध्ये आघाडीवर असलेल्या होर्हे लोरेन्झो याच्या पडद्यावर संघाने ‘मॅपिंग ८’ असा संदेश पाठवला होता. तो आपल्या लक्षात आला नाही, असे त्याने शर्यतीनंतर सांगितले. अत्युच्च वेगात लक्ष विभागण्यास किती कमी वाव असतो, हे या प्रसंगातून दिसून येते. २०२३ मध्ये इटलीतील मुजेलो येथे ब्रॅड बाइंडर याने ताशी ३६६.१ किलोमीटर वेग गाठला. या वेगाने मोटारसायकल एका सेकंदात शंभर मीटरहून अधिक अंतर कापते.

कान हेही साधन

शर्यतीत स्वाराचे कान रिकामे नसतात. इंजिनाचा स्वर किती चढला यावरून गिअर बदलण्याची वेळ कळते. मागच्या चाकाची पकड सुटू लागली की इंजिनाचे फेरे अचानक वाढतात आणि आवाज बदलतो. वळणावर आतल्या बाजूने कोणी घुसत असेल, तर तो दिसण्याआधी त्याचे इंजिन ऐकू येते. मोटोजीपी मोटारसायकलींची इंजिने मिनिटाला सुमारे १८,००० फेऱ्यांपर्यंत फिरतात. त्यांच्या स्वरातील सूक्ष्म फरक ओळखणे हा अनुभवी स्वाराच्या कौशल्याचा भाग असतो. अशा वेळी कानात गाणे वाजत असल्यास हीच माहिती झाकली जाते.

वाऱ्याचा आवाज आणि श्रवणहानी

येथे एक विरोधाभास दिसतो. आवाज ऐकणे इतके महत्त्वाचे असूनही व्यावसायिक स्वार शर्यतीत कानात इयरप्लग घालतात. त्याचे कारण वारा आहे. ताशी साधारण ६५ किलोमीटरच्या पुढे हेल्मेटभोवती घोंघावणाऱ्या हवेचा आवाज इंजिनापेक्षा अधिक होतो. ताशी १०० किलोमीटरच्या आसपास हेल्मेटच्या आत तो सुमारे ९५ ते १०० डेसिबलवर पोहोचतो आणि ताशी १६० किलोमीटरला ११० डेसिबलच्या जवळ जातो. पूर्ण चेहरा झाकणाऱ्या हेल्मेटमुळेही तो पुरेसा अडत नाही.

अमेरिकेच्या व्यावसायिक सुरक्षा व आरोग्य संस्थेच्या शिफारशीनुसार ८५ डेसिबलचा आवाज दिवसाला आठ तास सहन करता येतो. त्यापुढे दर तीन डेसिबलमागे ही मुदत निम्मी होते. त्या हिशेबाने १०० डेसिबलसाठी ती अवघी पंधरा मिनिटे उरते. अंतर्कर्णातील सूक्ष्म केशपेशी एकदा नष्ट झाल्या की माणसात त्या पुन्हा वाढत नाहीत. त्यामुळे आलेला बहिरेपणा आणि कानात सतत वाजत राहणारा आवाज कायमचा ठरू शकतो.

इयरप्लग वाऱ्याचा घोंघाट खाली आणतात. इंजिनाचा स्वर मात्र पुरेसा ऐकू येत राहतो, किंबहुना घोंघाट कमी झाल्याने तो अधिक स्पष्ट जाणवतो. हेल्मेटमधील स्पीकरचे कार्य याच्या नेमके उलट असते. शंभर डेसिबलच्या वाऱ्यात गाणे ऐकू यायचे, तर ते तितक्याच मोठ्या आवाजात वाजवावे लागते. म्हणजे आधीच्या भारावर नवा भार पडतो. कानात घट्ट बसणारे इयरफोन वारा काही प्रमाणात रोखतात. तथापि वेग वाढला की आवाज वाढवण्याचा मोह होतो आणि बाहेरचे भोंगे, हाका यांपासून स्वार तुटतो.

संगीताचा मनावर परिणाम

संगीताने खेळाडूला लाभ होतो, हे संशोधकांनी मान्य केले आहे. ब्रुनेल विद्यापीठातील कोस्टास कारागिऑर्गिस यांनी दीर्घकाळ केलेल्या अभ्यासातून मध्यम श्रमाच्या व्यायामात संगीतामुळे थकव्याची जाणीव कमी होते, असे दिसून आले. इथिओपियाचा धावपटू हेले गेब्रसेलासी याने १९९८ मध्ये बर्मिंगहॅम येथे दोन हजार मीटरचा इनडोअर विश्वविक्रम केला, तेव्हा मैदानात त्याच्या आवडीचे गाणे वाजवले जात होते.

मोटारसायकल शर्यतीची गरज मात्र निराळी आहे. धावण्यात एकसारखी लय हवी असते. येथे प्रत्येक वळणाची लय वेगळी असते. उत्तेजना एका मर्यादेपर्यंत कामगिरी सुधारते आणि त्यापुढे बिघडवते, हा सिद्धांत यर्क्स आणि डॉडसन यांनी १९०८ मध्ये मांडला. इस्रायलच्या बेन गुरियन विद्यापीठातील वॉरन ब्रॉडस्की यांनी २००१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या कृत्रिम वाहनचालनाच्या प्रयोगांत संगीताची लय जलद होत गेली तसा चालकांचा वेग वाढला, शिवाय लाल दिवा ओलांडणे व मार्गिका सोडणे अशा चुकाही वाढल्या. म्हणूनच अनेक स्वार संगीताचा उपयोग शर्यतीपूर्वी मन स्थिर करण्यासाठी करतात. स्टार्टिंग ग्रिडवर हेडफोन लावून बसलेले स्वार टीव्हीवर दिसतात. हेल्मेट चढवण्यापूर्वी तो हेडफोन सहकाऱ्याच्या हाती गेलेला असतो.

रस्त्यावरील कायदा

फ्रान्सने १ जुलै २०१५ पासून वाहन चालवताना कानात इयरफोन घालण्यास मनाई केली. हेल्मेटमध्ये बसवलेल्या स्पीकरना मात्र त्यातून वगळले. अमेरिकेच्या कॅलिफोर्निया राज्यात दोन्ही कान झाकण्यास बंदी आहे, परंतु घातक आवाज कमी करणारे इयरप्लग वापरण्याची मोटारसायकलस्वारांना सवलत आहे.

भारतात मोटार वाहन कायद्याच्या कलम १८४ नुसार वाहन चालवताना हातातील संपर्क साधनाचा वापर धोकादायक वाहनचालनात मोडतो. पहिल्या गुन्ह्यासाठी सहा महिने ते एक वर्ष कारावास, एक ते पाच हजार रुपये दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. ऑक्टोबर २०२० पासून अशा साधनाचा वापर केवळ मार्ग शोधण्यासाठी करता येतो. अनेक शहरांत वाहतूक पोलीस इयरफोन घातलेल्या दुचाकीस्वारांवर कारवाई करतात. राज्य सरकारच्या लेखी परवानगीविना सार्वजनिक ठिकाणी शर्यत लावणे हा कलम १८९ खाली स्वतंत्र गुन्हा असून पहिल्या वेळी तीन महिन्यांपर्यंत कारावास, पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात.

हा विषय किती गंभीर आहे, हे केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या आकडेवारीवरून कळते. २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ जणांचा मृत्यू झाला. त्यांपैकी ४४.५ टक्के दुचाकीवरील होते.

नवोदितांसाठी

चेन्नईजवळील मद्रास इंटरनॅशनल सर्किट, कोइम्बतूरचा कारी मोटर स्पीडवे आणि ग्रेटर नोएडातील बुद्ध इंटरनॅशनल सर्किट येथे वेगाची हौस सुरक्षितपणे भागवता येते. तेथे जाताना आवाज कमी करणारे इयरप्लग सोबत ठेवावेत आणि ते घालूनच मोटारसायकल चालवण्याचा सराव करावा. स्पीकर बसवण्यासाठी हेल्मेटचे आतील अस्तर कापू नये, कारण आघात शोषण्याचे काम तेच करते. गाणी ट्रॅकवर उतरण्यापूर्वी ऐकावीत. घरी परतताना कानात शिट्टीसारखा आवाज येत असेल किंवा बोलणे दबके ऐकू येत असेल, तर कानांवर ताण पडल्याची ती खूण आहे. ही लक्षणे दुसऱ्या दिवशीही टिकली, तर कान-नाक-घसा तज्ज्ञांकडून श्रवणचाचणी करून घ्यावी.